सलग किती किलोमीटर?

‘सायकल ट्रॅकवर महापालिकेने कोट्यवधी रुपये घातले, पण त्यावरून सायकल जाताना मला तरी फारशी दिसत नाही. मग आणखी ट्रॅक कशाला?’ पुण्याच्या एका ज्येष्ठ वाचकांनी हा प्रश्न पाठवला आहे. सूर खवचट असला तरी निरीक्षण खरे आहे. पुण्यातले बरेचसे ट्रॅक ओस पडलेले असतात. ओस म्हणजे सायकलींपुरते; हातगाड्या, लावून ठेवलेल्या दुचाकी आणि वाळूचे ढीग तिथे सुखाने नांदत असतात. मला खटकतो तो वाचकांचा पुढचा निष्कर्ष. ट्रॅक रिकामे आहेत म्हणून पैसे थांबवा, हे व्यवहाराला धरून वाटते खरे, पण गणित नेमके उलटे सांगते. आणि हे गणित जन्माला आले कोळशाच्या खाणीपायी.

१९५०च्या दशकात सायमन ब्रॉडबेंट नावाचा तरुण ब्रिटनमधल्या कोळसाविषयक संशोधन संस्थेत काम करत होता. खाणकामगारांसाठी विषारी वायू अडवणारे मास्क हा तिथला एक विषय. मास्कच्या गाळणीत सच्छिद्र कार्बन असतो. वायू छिद्रांतून आत शिरतो आणि आतल्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. म्हणजे छिद्रे जितकी खोलवर पोहोचतील तितका मास्क चांगला. पण ही छिद्रे कोणी आखून पाडलेली नसतात. काही एकमेकांना मिळतात, काही थोड्याच अंतरावर बंद होतात. अशा भुलभुलैयात वायू आरपार केव्हा जाईल आणि तोंडाशीच केव्हा अडकेल? ब्रॉडबेंटने १९५४ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीतल्या एका चर्चेत हा प्रश्न मांडला. तिथे जॉन हॅमर्स्ले या गणितज्ञाच्या ध्यानात आले की हे प्रकरण नवे आहे. तोवरच्या गणितात कण वेडेवाकडे भटकत असत. इथे कण साधा, वाटच वेडीवाकडी. दोघांचा निबंध १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पर्कोलेशन थिअरी, म्हणजे पाझराचे गणित, सुरू झाले. पुढे नाव गाजले ते हॅमर्स्लेचे. प्रश्न ज्याला पडला, तो ब्रॉडबेंट बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. विज्ञानाच्या इतिहासात प्रश्न विचारणाऱ्यांना मागचा बाकच मिळतो, त्याला काय करणार!

या गणितातली गंमत अशी. चौकटीच्या कागदासारखी एक प्रचंड जाळी घ्या आणि तिच्यातल्या रेघा चिठ्ठ्या टाकून एकेक करून ‘उघड्या’ करत जा. दहा टक्के उघडल्यात, तर इकडे तिकडे छोटी डबकी तयार होतात. वीस टक्के, तीस टक्के... डबकी थोडी मोठी होतात, पण डबकीच राहतात. तुम्ही काम करत असता आणि आरपार काहीच जात नसते. मग एका विशिष्ट उंबरठ्यावर, जवळजवळ अचानक, डबकी एकमेकांना मिळतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार होते. चौकोनी जाळीत हा उंबरठा बरोबर निम्म्यावर, पन्नास टक्क्यांवर असतो. ऐकायला किती साधे! पण त्याची पक्की सिद्धता द्यायला हॅरी केस्टन यांना १९८० साल उजाडावे लागले.

आता छिद्रांच्या जागी रस्ते घ्या. आठवीतली मुलगी किंवा साठीचे आजोबा जिथून निर्धास्त सायकल चालवू शकतील तो रस्ता उघडा, बाकीचे बंद. शहरात दहा टक्के रस्ते उघडे असतील तर सायकल ट्रॅकची डबकी होणार. खर्च दुप्पट करून वीस टक्के केले, तरी डबकीच. कर्जतपासून बदलापूरपर्यंत आणि ठाण्यापासून दादरपर्यंत रूळ टाकले, मधले सोडून दिले आणि मग ‘लोकलला प्रवासीच नाहीत’ म्हणून तक्रार केली, तर कसे वाटेल? वाचकांचा प्रश्न नेमका याच जातीचा आहे.

शहर म्हणजे काही चिठ्ठ्या टाकून रंगवलेला कागद नव्हे, हे मान्य. शहाणा नियोजनकार निम्मे रस्ते उघडण्याची वाट पाहत बसणार नाही. मोजके रस्ते निवडून तो फार आधीच शहर जोडू शकेल. पण ट्रॅक कुठे होणार हे रस्ता आधीच रुंद कुठे आहे, निधी कोणत्या प्रभागाचा आहे आणि कोणत्या दुकानदारांचा विरोध कमी आहे यावर ठरत असेल, तर ते चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा फारसे वेगळे नाही. मायकेल सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जगातल्या ६२ शहरांच्या नकाशांवर सायकलींची जाळी संगणकात वाढवून पाहिली. सुरुवातीला घातलेल्या पैशाचा मोबदला घटत जातो आणि एका उंबरठ्यानंतरच तो फळू लागतो, असे त्यांना आढळले. म्हणजे थोडे बांधून, ‘बघू लोक वापरतात का’ म्हणत थांबणे हा सर्वांत महागडा पर्याय.

तुटक ट्रॅकचा त्रास पायांना किती होतो, त्याचाही हिशेब करता येतो. पुण्यातला कुठलाही एक ट्रॅक डोळ्यांसमोर आणा. तोंडाशीच बोलार्ड, इतके जवळ की हँडल वाकडे केल्याशिवाय आत शिरता येत नाही. मग उखडलेले पेव्हर ब्लॉक. पुढे विजेचा डीपी, नेमका मधोमध. त्यानंतर चेंबरचे वर आलेले झाकण, बसथांबा, एखाद्या सोसायटीचे फाटक, आणि शेवटी ट्रॅक संपतो तिथे वीतभर उंचीची पायरी. प्रत्येक ठिकाणी थांबायचे आणि पुन्हा वेग घ्यायचा. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो आणि वेग ताशी १८ किलोमीटर धरा. ब्रेक लावला की हजारभर ज्यूल ऊर्जा वाया जाते. याच वेगाने सपाट रस्त्यावर जाताना टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण १४ न्यूटन होतो. भागाकार केला तर प्रत्येक थांबा म्हणजे सुमारे ७५ मीटर जादा सायकल मारणे. किलोमीटरभरात असे आठ थांबे आले, तर पायांच्या दृष्टीने तो रस्ता एक किलोमीटर सहाशे मीटरचा होतो. अनुभवी सायकलस्वार ट्रॅक सोडून मुख्य रस्त्याने जातो, ते उगाच नाही. त्याच्या मांड्यांना हा भागाकार येतो.

उंबरठा एका दमात ओलांडला तर काय होते, याचे माझे आवडते उदाहरण ॲमस्टरडॅमचे नाही. डच लोकांचे नाव काढले की ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हणून विषय मिटतो. स्पेनमधले सेव्हिल पाहा. उन्हाळ्यात तिथला पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि २००६ पूर्वी तिथे सायकल चालवणारे नावालाच होते. जे काही ट्रॅक होते ते तुकड्यातुकड्यांत, एकमेकांशी संबंध नसलेले. महापालिकेने २००६-०७ मध्ये सुमारे ८० किलोमीटरचे जाळे जवळजवळ एकाच झपाट्यात बांधले. वाहनांपासून कठड्याने वेगळे, दोन्ही दिशांनी जाता येईल असे, हिरव्या रंगाचे आणि मुख्य म्हणजे सलग. जागा आणली कुठून? रस्त्याकडेच्या पार्किंगमधून. सुमारे पाच हजार मोटारींची पार्किंगची जागा गेली. आरडाओरडा झालाच. २०१० पर्यंत जाळे १२० किलोमीटरवर पोहोचले आणि रोजच्या सायकलफेऱ्या काही वर्षांत अनेक पटींनी वाढून ७० हजारांच्या आसपास गेल्या. या सगळ्याचा खर्च ३.२ कोटी युरो. तेवढ्यात पाच-सहा किलोमीटरचा महामार्ग होईल, असा हिशेब आराखडाकार मानुएल काल्वो सांगतात.

यामागे एक भौतिकशास्त्रज्ञ आहे, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेव्हिल विद्यापीठातले रिकार्दो मार्केस यांचा अभ्यासविषय मेटामटेरियल, म्हणजे सूक्ष्मलहरी ‘उलट्या’ वळवणाऱ्या कृत्रिम रचना. त्या क्षेत्रातले लोक त्यांना त्यासाठीच ओळखतात. हेच गृहस्थ ‘आ कॉन्त्रामानो’ या शहरातल्या सायकलस्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि जाळ्यासाठी वर्षानुवर्षे भांडत होते. जाळे झाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी त्याचे मोजमाप सुरू केले. जाळे वाढले तसा सायकलस्वाराचा अपघाताचा धोका स्पष्टपणे घटला, असे त्यांनी आणि व्हिसेंते एर्नांदेस-एर्रादोर यांनी २०१७ मध्ये आकडेवारीनिशी दाखवले. सायकली वाढल्या की अपघात वाढतील, ही भीती तिथे खोटी ठरली. पुढे गुंतवणूक मंदावली तसा सायकलफेऱ्यांचा आकडाही रेंगाळला, हेही सांगायला हवे. उंबरठा ओलांडला म्हणजे काम संपले, असे नाही.

शहराबाहेर गेल्यावर हाच प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण ट्रॅक हमखास तुटतो तो हद्दीवर. कोपनहेगनसारख्या सायकलवेड्या शहरालाही हे भोवले. एका नगरपालिकेचा सुरेख मार्ग दुसरीच्या वेशीवर गायब व्हायचा. शेवटी राजधानी परिसरातल्या नगरपालिकांनी एकत्र येऊन आखणी केली आणि पहिला ‘सुपर’ सायकलमार्ग २०१२ मध्ये अल्बर्ट्‌सलुंड उपनगरापासून राजधानीपर्यंत सुरू झाला. बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतातली गोष्ट तर आणखी मजेची. तिथे हुगो बोलेन या खाण-अभियंत्याला सुचले की सायकलस्वाराला लांबलचक मार्गांची नावे सांगण्याऐवजी प्रत्येक चौकाला क्रमांक द्यावा. मग ४१ वरून ४३, तिथून ५० असे ज्याने त्याने आपापले जावे. खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना असेच क्रमांक असत. १९९५ मध्ये तिथे अशा पाट्या लागल्या आणि आज नेदरलँड्ससह शेजारचे देशही हीच पद्धत वापरतात. खाणींनी सायकलीला दोनदा हात दिला म्हणायचा.

पुणे परिसरात दोन महापालिका, तीन कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि वर पीएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पुणे महापालिकेचा २०१७ चा सायकल आराखडा चांगला आहे. त्यात सुमारे ८०० किलोमीटरचे जाळे आखलेले आहे. पण बोपोडीत राहून पिंपरीच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला दापोडीचा हॅरिस पूल ओलांडायचा असतो आणि आराखड्याचा अधिकार नदीच्या अलीकडे संपतो. जाळ्यांच्या शास्त्रात अशा दुव्याची किंमत सर्वाधिक असते, कारण तो तुटला की जाळ्याचे दोन तुकडे होतात. हद्दीवर मात्र त्याला कोणी वाली नसतो. म्हणून पैसा परिसरासाठी एकत्र ठेवावा आणि आधी पूल, रेल्वेचे भुयारी मार्ग व मोठे चौक यांवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

झगमगाटाला भुलू नये, हेही याच गणितातून निघते. हैदराबादमध्ये आउटर रिंग रोडलगत २३ किलोमीटरचा, वर सौर पॅनेलचे छप्पर असलेला ट्रॅक २०२३ मध्ये सुरू झाला. छायाचित्रे देखणी येतात, सकाळच्या व्यायामाला झकास. पण घर, शाळा आणि बाजार यांना तो जोडत नसेल तर ते एक लांबट डबकेच. पुण्यात २०१७-१८ मध्ये ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा मोठा गाजावाजा झाला. सायकली आल्या, त्यांच्यासाठी सलग रस्ता आला नाही, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक सायकली दिसेनाशा झाल्या. दोष सायकलींचा नव्हता. मुळात पुण्यात सायकल बंद पडलेलीच नाही. रात्रपाळी करून परतणारे वॉचमन, बांधकामावरचे मजूर आणि शाळकरी मुले आजही तीच चालवतात, फक्त जीव मुठीत धरून.

तेव्हा वाचकहो, महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पात ‘इतके किलोमीटर नवे सायकल ट्रॅक’ अशी घोषणा झाली, तर आपल्या नगरसेवकांना दोनच प्रश्न विचारा. त्यातला सर्वांत लांब सलग तुकडा किती किलोमीटरचा आहे? आणि तो हॅरिस पुलापलीकडे जातो का?