विंदालूतली वाइन

मी खवय्या, आणि त्यात भाषेचा विद्यार्थी. त्यामुळे हॉटेलात मेन्यूकार्ड हातात आलं की किमतीआधी माझी नजर पदार्थांच्या नावांवर जाते. बेळगावहून चोर्ला घाट उतरून पणजीला जेवायला जाण्याचे योग बरेचदा आले. त्या जेवणांत एका नावाने मला खूप खाऊ घातलं आणि तितकंच विचारातही पाडलं. ते नाव म्हणजे विंदालू.

गोव्यापासून दूरच्या हॉटेलांत विंदालू मागवा, रश्श्यात हमखास बटाट्याच्या फोडी सापडतील. कारण सोपं आहे. नावात ‘आलू’ ऐकू येतो, मग आचारी आलू घालतो! गंमत म्हणजे हा गोंधळ मराठी-कोकणी मुलखात होण्यासारखाच नव्हता. आपण आलू म्हणत नाही, बटाटा म्हणतो; आणि ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे आला तोही पोर्तुगीजांकडूनच. पाव आणि काजू यांचीही वाट तीच.

मग विंदालूतला ‘आलू’ कोण? तो आहे लसूण. पोर्तुगीज भाषेत लसणीला ‘आल्यो’ म्हणतात आणि वाइनला ‘व्हिन्यो’. वाइन आणि लसूण यांत मांस मुरत ठेवायची जी रीत, तिचं नाव ‘व्हिन्या दाल्युश’. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आजही नाताळला याच नावाचा पोर्कचा पदार्थ घरोघरी होतो. लिस्बनहून गोव्याला यायला जहाजाला सहा-सहा महिने लागायचे. फ्रीज नसलेल्या त्या काळात आंबट आणि लसणीत मुरवलेलं मांस टिकायचं. म्हणजे आधी ही टिकवण्याची सोय होती, चव नंतर. आपल्या लोणच्याचा जन्मही असाच झाला असणार, नाही का?

1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि ही रीत इथल्या चुलीवर आली. पण इथे अडचण होती वाइनची. कोकणपट्टीच्या पावसात वाइनची द्राक्षं पिकत नाहीत, आणि जहाजातून येणारी वाइन रोजच्या हंडीत कोण ओतणार? इथल्या माणसांनी वर बघितलं. माड उभाच होता! माडाच्या न उमललेल्या पोयीला छेद दिला की गोडसर रस पाझरतो. गोव्यात त्याला ‘सूर’ म्हणतात, आपण माडी म्हणतो. काढल्यापासून काही तासांतच हा रस फसफसू लागतो, कारण यीस्ट त्यातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. तसाच ठेवला तर हवेच्या संगतीने जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. झालं व्हिनेगर. पुढे अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची त्यात आली. जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, आलं आले. सगळं पाण्याऐवजी व्हिनेगरमध्ये वाटायचं, ही विंदालूची खूण.

म्हणजे वाइन गेली आणि नाव तेवढं उरलं? मला तसं वाटत नाही. ‘व्हिनेगर’ हा शब्द मुळात फ्रेंच, आणि त्याचा अर्थच ‘आंबलेली वाइन’. माडी ही माडाची वाइन, आणि तिचं व्हिनेगर ही तिची पुढची पायरी. विंदालूत वाइन अजून आहे, फक्त झाड बदललं.

हे पुस्तकी वाटेल, पण जिभेला ते चटकन कळतं. पणजीच्या फोंतेन्यास भागातल्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये आदल्या दिवशी शिजवून ठेवलेला विंदालू मी खाल्ला. पहिल्या घासाला आंबट, मग हळूहळू तिखट, आणि शेवटी एक मंद गोडवा. सोबत सान्नां होती. तांदळाची ही इडलीसारखी सान्नां फुगतात तीही सूर घालूनच! एकाच माडाच्या रसाने पीठ फुगवलं आणि मांस मुरवलं, असं ते ताट. उलट आमच्याच शहरातल्या एका हॉटेलात विंदालू खाल्ला, तर नुसता झणझणीत आणि घशाला टोचणारा. त्यात होतं सिंथेटिक व्हिनेगर, म्हणजे पाण्यात पातळ केलेलं असेटिक आम्ल. आंबटपणा होता, मुरलेपण नव्हतं.

‘विंदालूबरोबर कुठली वाइन?’ असंही मित्र विचारतात. भारी रेड वाइन मी टाळतो. अल्कोहोलने मिरचीची जळजळ वाढते आणि रेडचा तुरटपणा तिखटाबरोबर कडवट लागतो. शिवाय जेवण आंबट असलं की कमी आंबट वाइन बेचव वाटते. म्हणून थोडी गोडसर, थोडी आंबट, थंडगार व्हाइट. नाशिकच्या द्राक्षांची शेनिन ब्लाँ मला या ताटाशी सर्वांत छान जमलेली आठवते. वाइन न घेणाऱ्यांसाठी सोलकढी आहेच!

पण माझी खरी काळजी ग्लासातल्या वाइनची नाही, माडावरच्या वाइनची आहे. गोव्यात सूर काढणाऱ्याला ‘रेंदेर’ म्हणतात. दिवसातून दोन-तीनदा, पावसाळ्यातसुद्धा, उंच माडावर चढायचं काम. एकदा हात सुटला की संपलं. कष्ट मोठे, मिळकत बेताची. त्यामुळे घरातली नवी मुलं या धंद्यात फारशी उतरत नाहीत. रेंदेर कमी झाले की सूर कमी, सूर कमी की खरं व्हिनेगर महाग, आणि मग स्वयंपाकघरात सिंथेटिकची बाटली येते. मेन्यूकार्डावर मात्र नाव तेच राहतं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी वाइन गेली तेव्हा तिच्या जागी माड उभा राहिला. आता माडाची जागा कारखान्यातलं आम्ल घेत असेल, तर पदार्थाच्या हाती नावाखेरीज काय उरेल?

भाषेच्या मंडळात आपण शब्द जपायच्या गोष्टी करतो. शब्द जपायचा तर त्यामागचा माणूसही टिकायला हवा. म्हणून पुढच्या वेळी गोव्याला गेलात आणि विंदालू मागवलात, तर वेटरला एवढंच विचारा, “व्हिनेगर माडाचं आहे का हो?” गिऱ्हाईक विचारू लागलं, तर हॉटेलवाला शोधू लागेल, आणि हॉटेलवाला शोधू लागला, तर कुणीतरी माडावर चढेल. घरी करणार असाल, तर व्हिनेगरच्या बाटलीवरचं लेबल वाचून घ्या. आणि हो, बटाटा घालू नका!