मंगळाशी बोलणे: इंटरनेटचे नियम अंतराळात

जयसिंगाच्या वेधशाळेमुळे उज्जैनकरांना आकाशाचे अगत्य जुनेच. माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राट यंत्राची सावली आपल्याला वेळ सांगते. आज पाहायचे आहे ते त्याच आकाशातून निरोप पोचायला लागणाऱ्या वेळेचे गणित.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा त्याचा संदेश पृथ्वीवर यायला सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. म्हणून इंजिन कधी पेटवायचे, कधी थांबवायचे, या आज्ञा यानाला आधीच देऊन ठेवल्या होत्या. ऐनवेळी काही बिघडते, तर बंगळुरूहून सावरणे शक्य नव्हते.

ही तर एकाच यानाची गोष्ट. उद्या अनेक याने एकमेकांशी बोलू लागली, तर घरचे इंटरनेट तिथे चालेल का? आपल्या संगणकांत मजकुराची ने-आण टीसीपी हा नियम सांभाळतो. तो आधी 'आहात का?' असे विचारतो आणि 'आहे' असे उत्तर आल्यावरच मजकूर पाठवतो. उज्जैन-पुणे हे क्षणात होते. मंगळाशी नुसत्या विचारपुशीत पंचवीस मिनिटे जातील. शिवाय पोच लवकर आली नाही, की तो निरोप हरवला असे समजून पुन्हा पाठवतो, वाटेत गर्दी आहे असे मानून वेग कमी करतो आणि शेवटी नाद सोडतो. खरे तर निरोप अजून वाटेतच असतो!

यावर उपाय दोन. पहिला आपल्या पूर्वजांना परका वाटला नसता. पेशवाईत जासूद पत्र घेऊन निघे. नदीला पूर असला तर थांबे, पण थैली टाकून देत नसे. तसेच प्रत्येक यानाने निरोप साठवून ठेवायचा आणि पुढची वाट खुली होताच सोडायचा. टीसीपीचे एक जनक व्हिंट सर्फ १९९८ पासून या कामात होते. २००८ मध्ये नासाने 'डीप इम्पॅक्ट' यानावर ही पद्धत यशस्वीपणे तपासली.

दुसरा उपाय 'क्विक' या २०२१ च्या नव्या नियमाचा. त्यातील वाट पाहण्याच्या मुदती अंतराप्रमाणे वाढवता येतात आणि जुनी ओळख असल्यास पहिल्याच फेरीत मजकूर धाडता येतो.

प्रकाशाचा वेग कोणालाही वाढवता येत नाही. उरते ते धीराने वाट पाहणारे नियम करणे. आणि ते सर्व देशांनी मिळून केले, तरच एकाचे यान दुसऱ्याचा निरोप पुढे नेईल.