घरचा एएम ट्रान्समीटर आणि भंडारदऱ्याची दरी

कळसूबाईच्या माथ्यावर ट्रान्समीटर नेला की अर्धा महाराष्ट्र आपले बोलणे ऐकेल, असे हौशी रेडिओत नव्याने उतरणाऱ्या अनेकांना वाटते. 1646 मीटर उंचीचे, राज्यातले सर्वांत उंच शिखर, तेव्हा तसे वाटणे साहजिक आहे. उंचीचा फायदा 144 मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ हँडसेटला खरोखरच मिळतो, कारण त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. घरी जुळवलेला एएम ट्रान्समीटर मात्र बहुधा 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे हॅम मंडळी ज्याला 40 मीटरचा बँड म्हणतात तिथे चालतो. या लहरी वर जाऊन आयनांबरावरून परततात.

म्हणून कळसूबाईजवळच्या भंडारदऱ्यात शिखर गाठायची गरजच नाही. धरणाच्या काठी, डोंगरांनी वेढलेल्या जागी, चार-पाच मीटर उंचीवर आडवी तार बांधली तरी पुरते. तार एकूण 20 मीटर, मध्यभागापासून दोन्हीकडे दहा-दहा. इतक्या खाली बांधलेल्या तारेतून बरीचशी ऊर्जा सरळ वर जाते आणि आयनांबराची स्थिती बरी असेल तर दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. मध्ये रतनगडाचा डोंगर असला तरी अडत नाही.

'घरी बनवलेला ट्रान्समीटर म्हणजे खेळणे'

1942च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सुरू झालेले ‘काँग्रेस रेडिओ’ हे भूमिगत केंद्र आठवावे. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सहकारी ते चालवत. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. त्यामुळे यंत्र सुटे भाग जमवूनच उभे राहिले. ते जुळवण्याचे काम नरिमन प्रिंटर यांनी केले. प्रक्षेपण 42.34 मीटरवर होत असे. हिशेब केला तर हे साधारण 7.08 मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आजच्या 40 मीटरच्या हौशी बँडमधली जागा. आवाज एएमवर होता, म्हणूनच घरातल्या साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर तो ऐकता येई. मुंबईहून सरळ रेषेत शे-सव्वाशे किलोमीटरवर असलेला भंडारदरा अशा लहरीच्या आवाक्यात सहज येतो.

याच कथेत दुसऱ्या गैरसमजाचेही उत्तर आहे: दरीत लपून बोललो तर कोण पकडणार? ही मंडळी जागा बदलत राहिली, तरी 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिसांनी त्यांना गाठलेच. लहर कुठून येते हे शोधण्याचे तंत्र तेव्हाही होते. त्यांनी तो धोका देशासाठी पत्करला. आपल्याला तसे काही कारण नाही.

'एक-दोन वॅटला परवाना कशाला?'

अर्धा वॅट असला तरी लागतो. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यावी लागते, आणि ती वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची अट नाही, तेव्हा मोर्स येत नाही म्हणून थांबू नये. परवाना मिळाला की ‘व्हीयू’ने सुरू होणारी कॉलसाइन मिळते आणि स्वतः यंत्र बनवून वापरताही येते. गाणी, जाहिराती, गावासाठी बातम्या मात्र चालत नाहीत. हॅमने हॅमशी बोलायचे. मीडियम वेव्हवर तर हौशी माणसाला जागाच नाही, तो आकाशवाणीसारख्या प्रसारणाचा बँड आहे. परवाना घरच्या पत्त्याचा असेल तर भंडारदऱ्यात स्टेशन मांडण्याआधी त्यातल्या जागाबदलाच्या अटी वाचाव्यात.

'वॅट वाढवले की काम झाले'

हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि तोच सर्वाधिक नुकसान करतो. ताकद चौपट केली तर समोरच्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम एक अंक वाढतो. शिवाय एएममध्ये ताकद वाटली जाते कशी ते पाहा. 10 वॅटचा कॅरियर पूर्ण मॉड्युलेट केला तर एकूण सरासरी 15 वॅट होतात. त्यांतले 10 वॅट कॅरियरमध्येच जातात, आणि त्यात आवाज अजिबात नसतो. आवाज असतो तो दोन साइडबँडमध्ये, प्रत्येकी अडीच वॅट, आणि दोन्हींत मजकूर तोच. एकच साइडबँड पाठवणाऱ्या एसएसबीने एएमला मागे टाकले ते यामुळे.

मग एएम करायचेच कशाला? शिकण्यासाठी. यात प्रत्येक टप्पा उघडा दिसतो: क्रिस्टल, बफर, क्लास सी पॉवर स्टेज, मॉड्युलेटर. चुका इथेच होतात. 12 व्होल्टची बॅटरी आहे म्हणून 30 व्होल्टचा ट्रान्झिस्टर लावला तर तो जळणार. मॉड्युलेशनच्या शिखरावर पुरवठा 24 व्होल्टपर्यंत चढतो आणि ड्रेन किंवा कलेक्टरवर त्याच्याही दुप्पट, 48 व्होल्टपर्यंत ताण येतो. आयआरएफ 510 हा मॉसफेट 100 व्होल्ट सोसतो, म्हणून घरगुती यंत्रांत तो इतका दिसतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे स्वच्छता. लो-पास फिल्टर नसेल तर 7.1 मेगाहर्ट्झची लहर 14.2 आणि 21.3 वरही बाहेर पडते आणि दुसऱ्यांच्या संपर्कात घुसते. माइकचा आवाज मर्यादेपलीकडे वाढवला तर सहा किलोहर्ट्झमध्ये मावणारा सिग्नल आजूबाजूला फाटतो. माझ्या मते फिल्टर नसलेला 20 वॅटचा ट्रान्समीटर हा बनवणाऱ्याचा पराक्रम नाही, बेजबाबदारपणा आहे.

भंडारदऱ्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, तेव्हा अभयारण्याच्या हद्दीत झाडाला तार बांधण्याआधी वनविभागाला विचारा. वीजगृहाकडच्या उच्चदाब तारांपासून अँटेना लांबच ठेवा: स्पर्शाचा धोका जिवावरचा, आणि तिथली खरखर एएमवर सर्वांत जास्त ऐकू येते. वळवाचे ढग दिसू लागले की अँटेना काढून टाका.

परीक्षेचा अर्ज आधी भरा. परवाना हाती आला की यंत्र 50 ओहमच्या डमी लोडवर तपासा, फिल्टर पुरेसा आहे याची अनुभवी हॅमकडून खात्री करून घ्या आणि मगच तार जोडा.