तंबाखूने बांधलेलं डॅनव्हिल

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेला, डॅन नदीच्या काठावर, चाळीसेक हजार वस्तीचं डॅनव्हिल आहे. तिथल्या जुन्या पेठेत फिरायचं ते मान वर करून! विटांच्या लांबरुंद वखारी आणि त्यांच्या छतांत बसवलेल्या काचा. या काचा हौसेच्या नाहीत, धंद्याच्या आहेत.

पूर्वी तंबाखू लाकडी पिंपांत ठासून भरलेली यायची आणि माल तपासायला पिंप फोडावं लागे. 1858 साली डॅनव्हिलमध्ये वेगळी रीत सुरू झाली. शेतकऱ्याने सुटी पानं जमिनीवर ढिगांनी मांडायची, व्यापाऱ्यांनी ढीग चाळायचे, पान चोळायचं, हुंगायचं, उजेडात धरायचं आणि मग बोली लावायची. भाव ठरे पानाच्या रंगावर. म्हणून वखारीत मधे खांब कमीत कमी आणि डोक्यावर भरपूर उजेड. लिलावाची रीत बदलली आणि इमारतीचा नकाशाच बदलला!

रंगाला एवढं मोल का? 1839 मध्ये जवळच्याच कॅसवेल काउंटीत स्टीफन नावाचा गुलाम तंबाखू सुकवायच्या शेकोटीजवळ झोपी गेला. जाग आली तेव्हा विस्तव विझत आलेला. त्याने घाईने लोणारी कोळसा टाकला आणि त्या कडक आचेत पानं पिवळीधमक झाली, असं सांगतात. या सोनेरी पानाने पुढे डॅनव्हिलचे व्यापारी गब्बर केले.

विकलेला माल जिथे पुन्हा सुकवून दाबून भरत, त्या इमारती वेगळ्या ओळखू येतात: अनेक मजली, खिडक्यांच्या रांगाच रांगा. यादवी युद्धात अशाच सहा तंबाखूच्या इमारतींचे तुरुंग झाले. उत्तरेचे हजारो सैनिक तिथे कोंडले होते. तेराशेच्या आसपास मेले.

पुन्हा लिलावाकडे वळू. तंबाखूच्या लिलावातल्या अखंड, गाण्यासारख्या पुकाऱ्याचं श्रेय लिलाव पुकारणारे चिझवेल लँगहॉर्न यांना देतात. त्यांची मुलगी नॅन्सी 1879 मध्ये डॅनव्हिललाच जन्मली. लग्नानंतर ती नॅन्सी ॲस्टर झाली आणि 1919 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसणारी पहिली महिला ठरली.

आता मेन स्ट्रीटवरचा सदरलिन वाडा. तंबाखूचे बडे व्यापारी विल्यम सदरलिन यांनी 1850च्या दशकाच्या अखेरीस तो इटालियन घाटाचा बांधला. एप्रिल 1865 मध्ये युद्धात दक्षिणेची राजधानी रिचमंड पडल्यावर दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आठवडाभर इथेच होते. पुढे वाड्यात सार्वजनिक वाचनालय आलं, पण फक्त गोऱ्यांसाठी. 1960 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी आत शिरले. मग प्रकरण कोर्टात, वाचनालयाला कुलूप, आणि पुन्हा दार उघडलं तेव्हा आतल्या खुर्च्याच काढून टाकलेल्या! गोऱ्या-काळ्यांनी शेजारी बसू नये म्हणून सगळ्यांनाच उभं ठेवलं. एवढ्या देखण्या वास्तूतला इतका कोता निर्णय वाचून आजही संताप येतो. सध्या तिथे संग्रहालय आहे.

वखारींचं म्हणाल तर बऱ्याच वाचल्या. आतल्या लाकडी तुळया आणि उघड्या विटा तशाच ठेवून तिथे फ्लॅट, ऑफिसं, खानावळी थाटल्या आहेत.

नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले-कॅरीत मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथे मुलांकडे गेलात तर डॅनव्हिल गाडीने साधारण दीड तासावर आहे. भर दुपारी जा, काचांतून ऊन आत उतरतं तेव्हा.