ड्रम लेथवर चढतो तेव्हा

प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. डिस्कच्या गाड्यांची सवय झालेल्या पायाला तिचं पेडल जड लागणारच. पण ब्रेक दाबताना तेच पेडल पायाखाली धडधडायला लागलं, तर बहुतेक वेळा ड्रम ओव्हल झालेला असतो.

मागचं चाक काढलं, हँडब्रेक सोडला, तरी ड्रम सहजी निघत नाही. हबशी तो गंजानं चिकटलेला असतो. शिवाय लायनर घासून घासून ड्रमच्या कडेला एक धार उभी राहते, तिच्यामागे शू अडकतात. आमचा मिस्त्री आधी अ‍ॅडजस्टर सैल करून शू आत घेतो, गंजात तेल मुरू देतो आणि मग लाकडी ठोकळा मधे धरून चहूबाजूंनी ठोकत जातो. बीड ठिसूळ; थेट हातोडा बसला तर टवका उडायचा.

आत काळी भुकटी साचलेली असते. तिच्यावर हवेचा पाइप मारायचा मोह होतो, पण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती ओल्या फडक्यानंच पुसावी. व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहावं. खाली ओल दिसली तर किट बदलायचंच. ब्रेक ऑइल प्यायलेला लायनर मात्र पेट्रोलनं कितीही धुवा, फुकट.

लेथवाला ड्रम हातात घेतो तो आधी वाजवून बघायला. बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा शोधायचा. मग ड्रमभोवती जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवतो, नाहीतर कापताना ड्रम थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. पहिल्या फेरीत टूल एका बाजूला कापतं, दुसऱ्या बाजूला नुसतं हवेतून जातं. ओव्हलपणा डोळ्यांनी दिसतो तो इथे. स्टीलसारख्या चकल्या निघत नाहीत, बिडाचा काळा चुरा पडतो. तापून निळे पडलेले डाग कडक झालेले असतात. टूल त्यांच्यावरून उड्या मारतं.

माझ्या एका ड्रमचे चरे खोल होते. लेथवाला म्हणाला, “साहेब, चरे जातील, पण उरेल काय?” हिशेब साधा आहे. टूल ०.१ मिलिमीटर आत गेलं की व्यास ०.२ नं वाढतो, आणि अनेक गाड्यांत मूळ व्यासापेक्षा एक-दोन मिलिमीटरचीच मुभा असते. त्यापुढे ड्रम पातळ होतो, उष्णता पेलत नाही, पेडलही खोल जातं. मर्यादा ओलांडून ‘अजून एक कट’ मारून घेणारे भेटतात. मला ती काटकसर वाटत नाही.

पद्मिनीचा नवा ड्रम मिळवणं हे वेगळंच काम. मुंबईतून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हद्दपार झाल्या. आता सुट्या भागांसाठी ओळखीपाळखी लागतात. मिळाला तरी एक बदलून भागत नाही. डावा-उजवा जोडीनं बदलावा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. नव्या ड्रमला गंज लागू नये म्हणून लावलेलं तेलही आधी पुसून काढावं लागतं. टर्न केलेला ड्रम असेल तर त्याचा घेर वाढलेला, त्यामुळे लायनर मधोमधच टेकतो. तो ड्रमच्या गोलाईला घासून बसवायचा.

शेवटी लांबच्या चाकापासून एअर काढत यायचं. लायनर बसेपर्यंत ब्रेक बेतानं वापरायचे आणि थोडी गाडी चालली की अ‍ॅडजस्टर पुन्हा एकदा बघून घ्यायचा.