सीप्झमधला ‘एस’ आणि गच्चीवरचा सूर्य

सीप्झचा फुल फॉर्म सांगा बघू! मेट्रो तीनने रोज तिथे कामाला जाणाऱ्या तीन दोस्तांना मी विचारलं. एक म्हणाला, ‘एस’ म्हणजे ‘स्पेशल’. दुसरा म्हणाला, ‘सॉफ्टवेअर’. तिसऱ्याने सरळ मोबाइलच काढला. मंडळी, तो ‘एस’ आमचा आहे... सांताक्रूझचा! सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. आवार अंधेरीत, नाव आमचं. वाकोल्याच्या पब्लिकला तेवढाच भाव!

पण हा नुसता क्विझचा प्रश्न नाही. १९७३ साली सरकारने ठरवलं, की इलेक्ट्रॉनिक्सचा निर्यात उद्योग उभा करायचा. नुसतं भाषण ठोकून थांबले नाहीत. जागा दिली, गाळे दिले, करात सूट दिली, कस्टम्सचं काम आवारातच आणलं आणि हे सगळं बघायला एक वेगळं ऑफिस नेमलं. पुढे तिथे सॉफ्टवेअर आलं, हिऱ्या-सोन्याचे दागिने आले. आज इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा दागिन्यांचाच बोलबाला जास्त. म्हणजे सरकारचा अंदाज अगदी बरोबर आला असं नाही. पण एका आवारात हजारो नोकऱ्या उभ्या राहिल्या, हे तर खरं ना?

मग ऊन आणि वाऱ्याच्या धंद्याचं असंच का नको?

एजन्सी आहे ना, बॉस!

तुम्ही म्हणाल, आता आणखी एक सरकारी संस्था? संस्था आहेच. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण ऊर्फ ‘महाऊर्जा’, लाडाने मेडा. नोंदणी १९८५ ची, काम सुरू झालं १९८६ च्या जुलैत, मुख्यालय पुण्यात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा ती वयाने मोठी आहे!

मेडाचं एक काम मला भारी वाटतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर तिने पवनचक्क्यांचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. वारा किती, त्यातून वीज किती, हे कागदावर नाही तर डोळ्यांसमोर दिसलं. वर घसाऱ्याची करसवलत होतीच. मग खासगी कंपन्या आल्या आणि साताऱ्याच्या डोंगरांवर पवनचक्क्यांची रांग लागली. ठोसेघरचा धबधबा बघायला गेल्यावर आपण ज्यांच्यासमोर फोटो काढतो ना, त्याच. फंडा सिंपल आहे. पहिली रिस्क सरकारी संस्थेने घेतली, की पैसेवाले मागून येतात.

नोकरीचं काय?

गडबड इथेच आहे. मेडा प्रकल्पांची नोंदणी करते, योजना राबवते, कुसुममधून शेतकऱ्यांपर्यंत सौर पंप पोचवते, ऊर्जाबचतीचं बघते. सगळं कामाचंच. पण ‘उद्योग आणा, नोकऱ्या उभ्या करा’ हे सीप्झसारखं तिचं मुख्य टार्गेट नाही.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पॅनल बसवायला आलेला मुलगा रत्नागिरीचा. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, वय तेवीस. चहा पिता पिता म्हणाला, “काम मस्त आहे दादा. पण साइट संपली, की आपण मोकळे. पावसाळ्यात तर घरीच.”

विचार करा. पॅनल पंचवीस वर्षं चालणार आणि ते बसवणाऱ्याचं काम मात्र चार दिवसांचं! टिकाऊ नोकऱ्या असतात त्या कारखान्यात, देखभालीत, डिझाइनमध्ये, कर्ज देणाऱ्या आणि हिशेब तपासणाऱ्या ऑफिसांत. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्याही. त्या आपोआप येत नाहीत, आणाव्या लागतात.

केंद्राने २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आणली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये आणि सुमारे १७ लाख नोकऱ्यांचा सरकारी अंदाज. हाउसिंग सोसायट्यांना सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मदत. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे... सगळ्यांच्या मेंटेनन्सचा प्रश्न! आमच्या सोसायटीतही मीटिंग झाली. तीन कोटेशनं आली. आकडे वेगळे, वॉरंटी वेगळी. यातलं बरोबर कुठलं, हे सांगणारा भरवशाचा माणूस नेमका बसतो कुठे? कमिटीत कोणालाच माहीत नाही. विषय पुढच्या मीटिंगला!

बोस्टनवाले काय करतात?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ साली चक्क ‘ग्रीन जॉब्स’ नावाचा कायदा केला. त्यातून मॅसॅच्युसेट्स क्लीन एनर्जी सेंटर ही सार्वजनिक संस्था उभी राहिली. पैसा कुठून? वीजबिलातल्या अगदी छोट्या आकारातून. या संस्थेने कॉलेजच्या मुलांना लहान कंपन्यांत इंटर्नशिप मिळवून दिली आणि स्टायपेंडचा भार कंपनीवर पडू दिला नाही. २०११ साली बोस्टनमध्ये पवनचक्कीची पाती तपासण्याचं केंद्र उघडलं. आणि सगळ्यात सही गोष्ट म्हणजे, राज्यात या क्षेत्रात किती नोकऱ्या आहेत हे मोजून छापायला सुरुवात केली. आकडा छापला, की लपवाछपवी बंद!

आपल्याकडेही सामान कमी नाही. तंत्रज्ञांसाठी ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण २०१५ मध्ये सुरू झालं. कर्ज द्यायला इरेडा १९८७ पासून आहे. आमच्या सांताक्रूझचंच घ्या. कालिन्याला विद्यापीठ. शेजारच्या विमानतळाने तर २०२२ मध्ये आपण पूर्णपणे हरित विजेवर गेल्याचं जाहीर केलं. तुकडे सगळे आहेत. जोडणारा कोणी नाही.

तो जोडणारा मेडाच्या पोटात बसवा किंवा वेगळी संस्था काढा. पण कामं नेमून द्या. नवी कल्पना आधी स्वतः करून दाखवायची, चाळकेवाडीसारखी. प्रशिक्षण घेतलेल्या मुलाला कंपनीच्या दारापर्यंत न्यायचं. सोसायट्यांची कोटेशनं तपासायला उपनगरात एक खिडकी उघडायची. आणि हिशेब द्यायचा तो फक्त वर्षभर टिकलेल्या नोकऱ्यांचा. नाहीतर चार दिवसांच्या कामालाही ‘रोजगारनिर्मिती’ म्हणत फीत कापली जाईल!

तोपर्यंत आपण काय करायचं? सोसायटीची मीटिंग आहे म्हणून कानाला हेडफोन लावू नका, जाऊन बसा. कोटेशन देणाऱ्याला किमतीबरोबर दोन प्रश्न विचारा. देखभालीचा करार किती वर्षांचा? आणि दुरुस्तीला येणारा मुलगा तुमच्या पगारावर आहे, की रोजंदारीवर? दहा सोसायट्यांनी हे विचारलं, तर रत्नागिरीच्या त्या मुलाला पावसाळ्यातही मुंबईत काम मिळेल.

सीप्झच्या ‘एस’ने पन्नाशी ओलांडली. पुढचा ‘एस’ सूर्याचा असायला काय हरकत आहे?