हात फिरे तेथे लक्ष्मी फिरे, पण हात कुणाचा?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घराघरांतून भांडी वाजू लागतात. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, जाळीजळमटे निघतात, अंथरुणे उन्हात पडतात. दोन दिवस राबून घरातल्या बायकांच्या कंबरेचा काटा ढिला झाला, की घर कसे आरशासारखे लख्ख दिसते. पण भाऊबीज होऊन पाहुणे पांगले, की आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! वर्षातून एकदा आंघोळ करून माणूस स्वच्छ राहत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. मग घराच्या बाबतीत आपण वेगळी अपेक्षा का धरावी?

वास्तविक आपल्या आज्या-पणज्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. सकाळी सडा-संमार्जन, जेवणानंतर खरकटे काढणे आणि दिवेलागणीच्या आत केर काढणे, अशी कामांची वाटणीच त्यांनी दिवसभरात करून ठेवली होती. दिवे लागल्यावर केर काढला तर लक्ष्मी जाते, असे आजी अजून सांगते. अंधुक उजेडात एखादा मणी, एखादे नाणे केराबरोबर बाहेर जाऊ नये, एवढाच त्यातला अर्थ असावा. कसेही असो, काम साठू द्यायचे नाही, थोडे थोडे रोज उरकायचे, हा धडा काही नवा नाही. या लेखात मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की या जुन्या धड्याचा एक मोठा फायदा आपल्या लक्षात आलेला नाही.

त्यासाठी आधी आमच्या घराची ओळख करून द्यायला हवी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन खोल्यांत आम्ही सातजण राहतो. आजी, आई, वडील, मी, दहावीतली धाकटी बहीण आणि दोघे भाऊ. वडील यंत्रमागावर पाळीने जातात. आई घरीच विड्या वळते. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पत्र्याच्या मापावर धरून कातरीने कापायची, मांडीवरच्या सुपातली तंबाखू त्यात भरून वळायची आणि दोऱ्याने बांधायची. म्हणजे आमचे घर हे घरही आहे आणि कारखानाही! पानांची कात्रणे सगळीकडे उडतात. तंबाखूची भुकटी अंथरुणावर बसते. त्यात शाळेची दप्तरे, सातजणांचे कपडे, मोरीतली भांडी. अशा घरात ‘आवरणे’ हा हौसेचा विषय राहत नाही. भुकटी अंथरुणात गेली तर रात्रभर कुणी ना कुणी खोकते, आणि पिठाच्या डब्याशी गेली तर त्याहून वाईट.

आता काम साठू दिले म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. सांडलेली आमटी लगेच पुसली तर ओल्या फडक्याचा एक हात पुरतो. तीच वाळली की घासावी लागते. शेगडीमागच्या भिंतीवर उडालेले तेल आधी पातळ असते. उष्णतेने आणि हवेने ते घट्ट व चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि मग सोडा लावून खरवडल्याशिवाय ते निघत नाही. नळाचे पाणी जड असेल तर ते जेथे जेथे वाळते तेथे क्षाराचा पांढरा थर ठेवून जाते, आणि थरावर थर चढत जातो. सावकाराच्या व्याजासारखेच हे आहे. मुद्दल थोडे असते, पण ते वेळच्या वेळी फेडले नाही तर व्याजच जास्त होते. रविवारी तीन तास घर धुणारी बाई त्यातला बराच वेळ हे व्याज फेडत असते.

यासाठी आमच्या घरी गेल्या दीड वर्षापासून तीन लहान फेऱ्या ठरलेल्या आहेत. सकाळची फेरी दहा मिनिटांची. त्यात आम्ही चौघे भावंडे असतो. एकाने वळकट्या बांधायच्या, एकाने वलणीवरचे वाळलेले कपडे काढायचे, एकाने केर काढायचा, एकाने पाण्याची भांडी पाहायची. दुसरी फेरी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी दहा मिनिटे. आई सूप बाजूला ठेवते, बहीण कात्रणे गोळा करते आणि धाकटा भाऊ ओल्या फडक्याने फरशी पुसतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कात्रणे कोरडी उचलावीत, पण तंबाखूची भुकटी कोरड्या केरसुणीने झाडू नये, ती उडून पुन्हा सगळीकडे बसते. तिला ओले फडकेच हवे. तिसरी फेरी जेवणानंतर आठ मिनिटांची. तिच्यात वडील धरून आम्ही पाचजण असतो. वडील रात्रपाळीला असले तर आम्ही चौघे दोन मिनिटे जास्त घेतो. आई आणि आजी यांना या फेरीतून मुद्दाम वगळले आहे.

नियम चारच आहेत. पहिला, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असावी. जागाच ठरलेली नसेल तर आवरणे म्हणजे वस्तू या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणे होते. दुसरा, वरून खाली यावे. आधी फळी झाडावी, मग जमीन, नाहीतर एकच केर दोनदा काढावा लागतो. तिसरा, भलत्या जागी सापडलेली वस्तू हातात घेऊन घरभर हिंडू नये. एका पाटीत सगळ्या गोळा कराव्यात आणि शेवटी एकाच खेपेत जागच्या जागी ठेवाव्यात. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. मोबाइलचा गजर वाजला की थांबावे, काम उरले तरी. ते पुढच्या फेरीत होते. हे आठ-दहा मिनिटांत खरेच संपते असा विश्वास बसला, की बारा वर्षांचा मुलगाही कुरकुर न करता उठतो.

मोठ्या कामांचेही आम्ही असेच तुकडे केले आहेत. सोमवारी मांडणीचा एक कप्पा, मंगळवारी ट्रंकेवरचा पसारा, बुधवारी खिडकी, आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी मोरी. एखादे दिवशी पाहुणे आले, कुणी आजारी पडले, परीक्षा आली तर फेरी चुकते. चुकली तर चुकली. दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करायचे नाही, नेहमीचीच फेरी घ्यायची. दंड लावला की माणसे काम सोडतात, हा आमचा अनुभव आहे.

आता हिशेब करू. घड्याळाप्रमाणे तिन्ही फेऱ्या मिळून २८ मिनिटे होतात. पण श्रम मोजले तर सकाळी चौघांचे ४०, संध्याकाळी तिघांचे ३० आणि रात्री पाचजणांचे ४०, म्हणजे एकूण ११० मिनिटे. जवळजवळ दोन तास! हे दोन तास पूर्वी एकटी आई देत होती, आणि तेही विड्या, स्वयंपाक आणि धुणे सांभाळून.

अर्थशास्त्राच्या वर्गात ॲडम स्मिथचे टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण आपण सगळेच ऐकतो. ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ १७७६ सालचा. एकट्या अडाणी कामगाराला दिवसात २० टाचण्यासुद्धा जमणार नाहीत, पण कामाचे तुकडे करून वाटून घेतल्यावर दहाजण दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, असे त्याने दाखवले. आमच्या घरात टाचण्या होत नाहीत, पण त्याचे म्हणणे मला घरातच पटले. तीन तासांचे काम कुणाला देता येत नाही. ते ‘बाईचे काम’ म्हणून एकीच्याच अंगावर पडते. दहा मिनिटांचे काम मात्र कुणालाही देता येते, पाळीवरून दमून आलेल्या वडिलांनासुद्धा. थोडक्यात काय, तर मोठे काम एकीवर पडते आणि छोटे काम वाटता येते. रोजच्या छोट्या फेऱ्यांचा खरा फायदा हाच आहे. घर नीटनेटके राहते, हा त्याच्या पुढचा फायदा.

ही केवळ आमच्या घरची गोष्ट आहे असे कुणी समजू नये. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ असे निघाले. वजाबाकी करून पाहा. २०१९ चा फरक २०२ मिनिटे, २०२४ चा २०१. पाच वर्षांत अंतर कमी झाले ते एका मिनिटाने! कामाची वाटणी आपोआप होत नसते, हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

वाटणी म्हटली की विरोधही आलाच. घरातल्या पोरांच्या हाती केरसुणी दिलेली आजीला रुचली नव्हती, आणि शेजारच्यांनीही चेष्टा केली. आजीला उत्तर मी दिले नाही, भिंतीवरच्या तसबिरीने दिले. तसबीर गाडगेबाबांची. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांच्या मनातला केर काढायचा, यात त्यांनी आयुष्य (१८७६ ते १९५६) घालवले. महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेही त्यांच्याच नावाने. ज्याच्या तसबिरीला आपण हार घालतो त्याच्या हातात काय होते, एवढेच मी आजीला विचारले. आता धाकट्याने कोपरा सोडला तर आजीच ओरडते.

या सगळ्यातून मिळाले काय? आमचे घर काही कॅलेंडरवरच्या चित्रासारखे झालेले नाही. दोन खोल्यांत सातजण राहतात ते दिसायचेच. पण जेवणानंतर अर्ध्या तासात जमीन मोकळी होते. तेथे बहीण दहावीचा अभ्यास करते आणि मी माझी टिपणे काढते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या काही मुली दहावी-बारावीनंतर घरी बसल्या. त्यांची बुद्धी कमी नव्हती. घरात कामाला हात हवा होता, आणि तो हात मुलीचाच असावा असे ठरलेले होते. म्हणून माझ्या दृष्टीने ही ११० मिनिटे केवळ केराची नाहीत. ती माझ्या पदवीची आहेत आणि माझ्या बहिणीच्या कॉलेज प्रवेशाची आहेत.

शेवटी माझ्या विद्यार्थी बंधूंना एक विनंती. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या शिबिरात आपण सात दिवस परक्या गावात उत्साहाने झाडू हाती घेतो, रस्ते झाडतो, गटारे काढतो. ते काम मोलाचेच आहे. पण उरलेल्या दिवसांत आपल्या घरी तो झाडू कुणाच्या हातात असतो, याचाही विचार व्हावा. त्यासाठी शिबिर नको, फलक नको, हारतुरे नकोत. आज रात्री जेवण झाल्यावर स्वतःचे ताट स्वतः उचलावे, घड्याळात पाहावे आणि आठ मिनिटे घराला द्यावीत. आईला मात्र तेवढा वेळ बसू द्यावे.